तीन चिंचोके आणि सव्वा वीत

मॅडम,

तुम्ही विचारलंय की वैयक्तिक खेळांतले माझ्या मनात घर करून राहिलेले क्षण कोणते, आणि त्यातले कोणते आश्रमशाळेच्या मुलामुलींना सांगावेत. अडचणही सांगितलीत. पांढरकवड्याकडे नवी नेमणूक, मैदान ऐसपैस पण साहित्य नाही, आणि मुलं कबड्डी म्हटलं की धावत येतात, पण एकट्याने पळ म्हटलं की एकमेकांच्या मागे लपतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात २६ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून केलं. नोकरीतली निम्मीअधिक वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धांत हातात स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभा राहिलोय. त्या रेषेवरून खेळाडूचा चेहरा जसा दिसतो तसा पदक गळ्यात पडल्यावर दिसत नाही. म्हणून मुलांना मी पदकाचा सोहळा दाखवत नाही. खेळाडू एकटा असतो, आजूबाजूचं सगळं त्याला भलतंच काही सांगत असतं, आणि तरी तो आपला हिशेब सोडत नाही, तेवढाच तुकडा दाखवतो.

सगळ्यात वर अविनाश साबळे. ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत २८ अडथळे ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. १९९८ ते २०१८ या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत इथली तिन्ही पदकं केनियानेच नेली होती. अविनाश बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. घरी कोरडवाहू शेती आणि मजुरी, शाळा सहा किलोमीटरवर. बारावी झाल्यावर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये असताना सियाचीनला राहिला, आणि शर्यतीत धावायला लागला तो सैन्यात गेल्यावरच. हे मी दोन वाक्यांत संपवतो, कारण गरिबीची गोष्ट आपल्या मुलांना नवीन नाही. ती त्यांच्या घरात आहे. त्यांना नवीन आहे ते त्याचं धावणं.

व्हिडिओ लावला की मुलांना सांगायचं, तोंडाकडे पाहू नका, पायाकडे पाहा. कच्चा धावपटू अडथळा जवळ आला की पावलं बारीक करतो, थबकतो आणि मग उडी मारतो. त्या थबकण्यात दरवेळी थोडा वेळ जातो आणि ३५ वेळा गेला की शर्यत गेली. मुरलेला धावपटू दहा-बारा पावलं आधीच अंदाज घेतो आणि चाल न मोडता पलीकडे जातो. पाण्याच्या उडीत तर एक पाय पाण्यात पडूच द्यायचा असतो, दुसरा पाय थेट कोरड्यात. आमच्या शाळेमागून पाटचारी जाते. तिच्या काठाला दोन रिकामे ड्रम आडवे टाकून त्यावर बल्ली ठेवली की आमचा अडथळा तयार. पहिल्या दिवशी सगळी पोरं दोन्ही पायांनी पाण्यात पडतात आणि तिथंच उभी राहतात. एक पाय ओला, एक कोरडा ठेवून पुढे निघून जायला पंधरा दिवस लागतात. पण एकदा जमलं की तो साबळेचा व्हिडिओ ती पोरं वेगळ्याच डोळ्यांनी पाहतात.

त्या दिवशी तो बराच वेळ केनियाच्या धावपटूंच्या पाठीला चिकटून आहे. लोक ओरडतायत, पुढे मोकळी लेन दिसतेय, पण तो निघत नाही. शेवटच्या चकरीत निघतो, एकेकाला मागे टाकतो, आणि अखेरच्या सरळ पट्ट्यात पुढे फक्त अब्राहम किबिवॉट उरतो. किबिवॉट ८:११.१५. अविनाश ८:११.२०, नवा राष्ट्रीय विक्रम, रौप्य.

आता ०.०५ सेकंद म्हणजे काय, ते मुलांना आकड्यात कळत नाही. मी फळ्यावर भागाकार करतो. त्या दिवशीचा त्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ६.१ मीटर. म्हणजे ०.०५ सेकंदात ३० सेंटिमीटर. मग खाली बसून फरशीवर वीत टेकवतो. सव्वा वीत. सगळा वर्ग खाली बसतो आणि आपापली वीत टेकवून पाहतो. आठ मिनिटं जीव तोडून धावल्यावर राहिलेलं अंतर हे एवढं. एका वर्षी एका पोराने विचारलं, “मंग सर, तो हारला का जितला?” मी काही बोलायच्या आधी मागून दुसरा म्हणाला, “थे केनियावाल्याले इचार.” यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

सेकंदाच्या अंशाची किंमत आपल्या गावातल्या पोरांना तशी लवकर पटते, कारण शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पटात जोडी सुटली की सगळ्यांचे डोळे घड्याळावर असतात आणि पाव सेकंदाने बक्षीस कसं हुकलं ही चर्चा पानठेल्यावर आठवडाभर चालते. बैलांचं जे त्यांना ठाऊक आहे ते माणसाच्या धावेला लावून दाखवायचं, एवढंच आपलं काम.

त्याच धड्यात पी. टी. उषा घ्या. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस, महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत त्याच वर्षी पहिल्यांदा झाली. रुमानियाच्या कोजोकारूला तिसरा क्रमांक मिळाला ५५.४१ सेकंदांत, उषाला चौथा ५५.४२ मध्ये. हिशेब केला तर सात सेंटिमीटर, चार बोटं. इथे मुलांना एक नियम पक्का शिकवून घ्या. रेषेवर डोकं, हात किंवा पाय मोजत नाहीत, छाती मोजतात. शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायची ती रेषेवर, त्याच्या आधी नाही. आपल्याकडची मुलं रेषा दिसली की आधीच ढिली पडतात. मी रेषेच्या पुढे पाच मीटरवर चुन्याच्या फक्कीची दुसरी रेषा मारतो आणि तिथपर्यंत पळायला लावतो. खरी रेषा कोणती हे विसरायला लावायचं.

आता आपल्या घरचा क्षण. नागपूरचा ओजस देवतळे, ५ ऑगस्ट २०२३, बर्लिन, जागतिक तिरंदाजी स्पर्धा, पुरुषांच्या कंपाउंड प्रकाराची, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याची, अंतिम फेरी. अंतर ५० मीटर. निशाणाच्या मधला दहा गुणांचा पिवळा गोल ८ सेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. प्रत्येकी १५ बाण, एका बाणाला २० सेकंद, एकदा याने मारायचा आणि एकदा त्याने. समोर पोलंडचा लुकाश प्रझिबिल्स्की. त्याने १५० पैकी १४९ घेतले. पंधरांतला एकच बाण नवात गेला, बाकी चौदा दहात. एवढं करून तो हरला, कारण ओजसने पंधराही दहात ठेवले. १५० पैकी १५०, वय २१. त्याच दिवशी, त्याच मैदानावर साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे शिकलेली. नागपूरचा मुलगा धनुष्य घेऊन साताऱ्याला जाऊन राहतो, हेही मुलांना सांगा. शिकायला गाव सोडावं लागतं, ही गोष्ट आश्रमशाळेतलं मूल फार लवकर समजतं.

या व्हिडिओत मी पंधरावा बाण दाखवतो, तोही दोनदा. पहिल्यांदा आवाजासकट. दुसऱ्यांदा आवाज बंद करून मुलांना मोठ्याने आकडे मोजायला लावतो. दोरी ओढली, स्थिर झाला, किती मोजले? सुटला. मग पहिल्या फेरीतला एखादा बाण लावून तसंच मोजायचं. पहिला आणि पंधरावा यांत फरक किती पडला, हे मुलांनी स्वतः शोधायचं. एवढ्या मोठ्या क्षणीही त्याची रीत तीच आहे, हे त्यांना मी सांगत नाही, ती मोजून काढतात.

बर्लिनचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या आमच्या मंडळाचं पथक तिथे गेलं होतं आणि त्यांनी कबड्डीसकट आपले देशी खेळ जगाला करून दाखवले होते. मंडळाच्या मैदानावर आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. ८७ वर्षांनी विदर्भाचाच एक पोरगा त्याच शहरात पंधरा बाण मारून जगात पहिला येतो, तेव्हा माझ्यासारख्याच्या छातीत काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

नीरज चोप्राचं सगळ्यांना पाठ आहे. टोकियो, ७ ऑगस्ट २०२१, दुसरी फेक, ८७.५८ मीटर. मी त्यातला एकच सेकंद थांबवून दाखवतो. भाला अजून हवेत आहे आणि हा पाठ फिरवून हात वर करतोय. “त्याले कसं समजलं सर?” हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर म्हणून मुलांना बाहेर नेऊन बांबूचा भाला फेकायला देतो. शंभरदा फेकल्यावर एखादी फेक अशी सुटते की बोटांनाच कळतं. ज्या दिवशी एखादं पोरगं म्हणतं, “सर, हा लागला,” त्या दिवशी त्याला उत्तर मिळालेलं असतं.

आता माझा स्वतःचा, सगळ्यात आवडता. हा कुठल्या व्हिडिओत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. एका तालुक्याची शालेय मैदानी स्पर्धा, १४ वर्षांखालील मुलींची ६०० मीटर. मैदान काळ्या मातीचं, पाऊस संपून भेगा पडायला लागलेल्या, २०० मीटरचा ट्रॅक फक्कीने आखलेला. म्हणजे तीन चकरा. सोयाबीन काढणीचे दिवस, त्यामुळे पालक जवळपास कोणी नाहीत. आमच्या शाळेची मुलगी सातवीतली, तांड्यावरून रोज चालत यायची. अनवाणी धावायची. बोलायची फार कमी. सुरुवातीला रेषेवर उभी राहिली तेव्हा तिची उजवी मूठ आवळलेली होती. मी म्हटलं, “मूठ सैल ठेव, खांदे आखडतात.” तिने ऐकलं नाही.

शर्यत सुटली. पहिली चकर, दुसरी चकर. चकरा मोजणाऱ्याचा कुठेतरी घोळ झाला आणि दुसरी चकर संपत असतानाच दोरी धरून उभ्या असलेल्या दोन पोरांना कोणीतरी ओरडून सांगितलं, “धरा, धरा!” दोरी ताणली गेली. पुढच्या चार मुली छातीने दोरीला भिडल्या, थांबल्या, दोघी तर तिथेच मातीत आडव्या झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही पहिल्या मुलीबरोबर स्टॉपवॉचचं बटण दाबलं. ते मला आजही टोचतं, कारण घड्याळ माझ्या हातात होतं आणि वेळेवरूनही मला समजायला हवं होतं की ६०० मीटर इतक्या लवकर होत नाहीत.

आमची मुलगी पाचव्या क्रमांकावर होती. ती दोरीपाशी आली, क्षणभर दोरीकडे पाहिलं, वाकली आणि दोरीखालून निघून गेली. पुढे धावतच राहिली. पंच शिट्ट्या मारतायत, पोरं ओरडतायत, “झालं, झालं, थांब!” माईकवरूनही तिला थांबायला सांगितलं. ती वळणावर गेली, लिंबाच्या झाडाजवळून पुढे गेली, पाठमोरी होत लहान दिसायला लागली. हळूहळू ओरडणारे गप्प झाले. अख्ख्या मैदानावर एकटी मुलगी धावत होती आणि तिच्या पायांचा मातीवर पडणारा आवाज रेषेपर्यंत ऐकू येत होता. ती चालली नाही, मंदावली नाही. रेषा ओलांडली, माझ्यासमोर आली, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला आणि मग उजवी मूठ उघडून दाखवली. हात रिकामा होता.

“तीन होते सर. तिसरा आता टाकला लिंबाखाली.”

मला काही समजेना. तिने हाताला धरून मला झाडाकडे नेलं. वळणावरच्या पांढऱ्या फक्कीच्या कडेला तीन चिंचोके पडले होते. काळसर, चकचकीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दर चकरीला लिंबाजवळ एक टाकायचा आणि मूठ रिकामी झाली की रेषा आली, हा तिचा हिशेब. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. शेतात पाट्या मोजताना तिची आई खडे टाकायची, त्यावरून तिने घेतलं होतं.

मी पंचांना झाडापाशी आणलं. बरीच वादावादी झाली. शेवटी शर्यत रद्द करून तासाभराने पुन्हा घ्यायचं ठरलं. हा निर्णय मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही, कारण बाकीच्या मुली ४०० मीटर धावल्या होत्या आणि ही ६००. पण ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा रेषेवर जाण्याआधी झाडाखाली गेली आणि तेच तीन चिंचोके वेचून आणले. या वेळी ती तिसरी आली. जिल्ह्यासाठी निवड झाली नाही. मूठ पुन्हा रिकामी होती.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगतो. तुमच्या मुलांना तुम्ही ती बेलाशक सांगा.

एका गोष्टीबाबत मात्र सावध करतो. बार्सिलोना १९९२, ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंडच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला, तो लंगडत राहिला, प्रेक्षकांतून त्याचे वडील धावत आले आणि बापलेक मिळून रेषेपर्यंत गेले. हा व्हिडिओ सगळीकडे दाखवतात आणि पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण मुलांना तो दाखवून ‘दुखलं तरी थांबायचं नाही’ असं कोणी सांगितलं की मला राहवत नाही. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी माझा एक मुलगा जिल्ह्याला १५०० मीटरसाठी आला होता. सकाळी म्हणाला, मांडी ओढल्यासारखी वाटते. मी म्हटलं, गरम झालास की सुटेल. सुटली नाही. हजार मीटरच्या आसपास तो खाली बसला आणि पुढचं सगळं वर्ष धावला नाही. दहावीनंतर मैदानावर आलाच नाही. तो दोष माझा. खेळ कधी थांबवायचा हे सांगायला मी तिथे होतो आणि मी ते सांगितलं नाही.

म्हणून मी तो व्हिडिओ दाखवतो तेव्हा वडिलांकडे पाहायला लावतो. पोराजवळ पोचल्यावर त्यांनी त्याला आधी हेच सांगितलं की हे तुला करायची गरज नाही. पोराने पूर्ण करायचं म्हटलं, तेव्हाच त्यांनी खांदा दिला. आणि ऑलिम्पिकच्या निकालात ती धाव पूर्ण झाल्याची नोंद नाही, कारण दुसऱ्याचा आधार घेतला होता. मुलांना हे दोन्ही सांगायला हवं.

कुस्तीतला एक क्षण मुलींना जरूर दाखवा. पॅरिस, ६ ऑगस्ट २०२४, ५० किलो, विनेश फोगाट विरुद्ध जपानची युई सुसाकी. सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही हरली नव्हती, ८२ च्या ८२ जिंकलेल्या. आपल्याकडच्या आमदंगलीत, गावच्या मातीतल्या कुस्त्यांत वाढलेल्या माणसाला ही कुस्ती पाहताना राग येतो, कारण विनेश बराच वेळ पुढे जातच नाही. नियम असा की कुस्तीगीर नुसता बचाव करत राहिला तर पंच त्याला ३० सेकंदांत गुण घ्यायची मुदत देतात, नाही घेतला तर समोरच्याला एक गुण. विनेशने असे दोन गुण जाऊ दिले. ०-२. पण तिने सुसाकीला पायात शिरू दिलं नाही. शेवटची काही सेकंदं उरली आणि तिने डाव टाकला, सुसाकीला खाली घेतलं, दोन गुण. जपानने निर्णयाला आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, त्याचा आणखी एक गुण. ३-२. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम कुस्ती हातातून गेली, हे सगळ्या देशाला माहीत आहे. मुलींना दोन्ही दिवस सांगा, पण वेळ द्यायचा तो पहिल्या दिवसाला. दोन गुण देऊन बसायचं आणि तरी घाबरायचं नाही, यासाठी आत केवढा हिशेब पक्का लागतो ते त्या सहा मिनिटांत दिसतं.

बुद्धिबळ मैदानावरचा खेळ नाही म्हणून सोडू नका. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली. वय १९, समोर ३८ वर्षांची, देशातली सर्वांत अनुभवी खेळाडू. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत, जलद गतीचा पहिलाही बरोबरीत, दुसऱ्यात काळ्या सोंगट्यांनी दिव्या जिंकली आणि त्यासरशी ग्रँडमास्टरही झाली. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली. आमच्या मुलींना तो भाग फार आवडतो, आणि मी तो आवडू देतो. नागपूर आपल्या गावापासून एसटीच्या एका तिकिटावर आहे, ही गोष्ट त्यांच्यासाठी विश्वचषकापेक्षा मोठी ठरते.

खाशाबा जाधवांचं कांस्यपदक, हेलसिंकी १९५२, हे पाठ्यपुस्तकातून मुलांना माहीत असतं. मी त्यातला १९४८ चा भाग सांगतो. लंडनमध्ये खाशाबा सहावे आले. लाल मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर लढत होता. आणि १९५२ ला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मला या गोष्टीतले खर्डीकर जास्त जवळचे वाटतात. जिल्ह्याच्या स्पर्धेला चार पोरं न्यायची म्हटली की गाडीभाडं, केळी, एका मुक्कामाचं जेवण, हे कुठून काढायचं ते आपल्या प्रत्येक सहकाऱ्याला माहीत आहे.

आणि तुमच्या शाळेसाठी खास एक. मे २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली, त्यात एक मुलगी होती. ती आश्रमशाळेतच राहणारी, तोच डाळभात खाणारी मुलं. नकाशावर आधी चंद्रपूर दाखवा, मग एव्हरेस्ट.

दाखवायचं कसं, याबद्दल थोडं. वर्गात टीव्ही नसेल तर मोबाइलवर पाच-पाच मुलांच्या गटाला दाखवा, मोठा घोळका करू नका. मागची मुलं फक्त आवाज ऐकतात आणि कंटाळतात. निकालाच्या आधी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, तू असतास तर आता काय केलं असतंस? उत्तर आलं की लगेच मैदानावर घेऊन जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. लाजणाऱ्या मुलांना पहिल्यांदा कोणाशी शर्यत लावू नका. एकट्याला पळवा, वेळ लिहा, आठवड्याने पुन्हा त्याच अंतरावर पळवा. दुसऱ्या पोरासमोर हरण्याची लाज असते, स्वतःच्या मागच्या आठवड्यासमोर कोणी लाजत नाही. वेळ वहीत लिहायची, पण ती मुलाच्या हाताने. एक-दोन महिन्यांत मुलं स्वतः येऊन म्हणतील, “मॅडम, आज माह्यी वेळ घ्या न.”

चुन्याची फक्की पाऊस थांबल्यावर लगेच मारून घ्या, भेगा पडल्या की रेषा सरळ येत नाही. चकरा मोजायला एक मोठं माणूस ठेवा आणि ते काम सोडून त्याला दुसरं काहीही देऊ नका. दोरी धरायला मुलं उभी करू नका. आणि ६०० च्या शर्यतीआधी प्रत्येक मुलीच्या हातात तीन चिंचोके द्या. तुमच्याकडे चिंचा भरपूर आहेत.